घरचा जमाखर्च आणि धरणीचा ताप

वैशाख सरत आला कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. लोणचीं, मुरंबे, मुलांच्या सुट्ट्या हे विषय मागें पडतात, आणि गेलीं तीन-चार वर्षें निरनिराळ्या गांवांहून एकच गाऱ्हाणें येऊं लागलें आहे: उन्हाळा आतां पूर्वीचा राहिला नाहीं. यंदा त्या गाऱ्हाण्यास एक प्रश्न जोडलेला आढळला. पृथ्वीचें उष्णतामान वाढत आहे हें रोज वाचतों. परंतु आमच्यासारख्या एका कुटुंबानें त्याबाबत करावें तरी काय, आणि केल्यानें होणार तरी काय? प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्यास उत्तर देणें तितकें सोपें नाहीं. तथापि घर चालविणाऱ्या माणसांनीं विचारलेला प्रश्न टाळणें या सदरास शोभणार नाहीं, म्हणून दोन्ही भागांचा विचार आम्ही येथें करीत आहों.

गाऱ्हाणें खरें आहे काय, हें आधीं पाहूं. वडील माणसांस प्रत्येक उन्हाळा मागल्यापेक्षां कडक वाटतो हें खरें. पण थर्मामीटरास वय नसतें. आपल्या देशाच्या हवामान खात्याजवळ १९०१ पासूनच्या नोंदी आहेत, आणि दिवसाच्या कमाल उष्णतामानाचा विचार करितां २०२२ चा मार्च हा त्या सर्व नोंदींत सर्वांत तप्त मार्च ठरला. साऱ्या जगाच्या नोंदींत २०२४ हें वर्ष सर्वांवर ताण करून गेलें. कारखानदारीच्या पूर्वीच्या काळापेक्षां त्या वर्षाचें सरासरी उष्णतामान सुमारें दीड अंशानें अधिक भरलें. दीड अंश म्हणजे मोठेंसें काय, असें ज्यास वाटेल त्यानें आपल्या अंगांत दीड अंश ताप असतां काय अवस्था होते ती आठवावी. पावसाचेंही तेंच. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, मध्य भारतांत सर्वदूर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले आहेत. तापलेली हवा बाष्प अधिक धरिते व सोडूं लागली म्हणजे एकदम सोडते.

या दुखण्याचें कारण समजण्यास फार शास्त्र नको. थंडीच्या रात्रीं गोधडी घेतली म्हणजे जी ऊब येते ती गोधडींतून येत नाहीं. आपल्याच अंगाची ऊब गोधडी बाहेर जाऊं देत नाहीं. पृथ्वीभोंवतीं हवेचें असेंच पांघरूण आहे. त्यांतील कर्बाम्ल वायु, ज्यास आपलीं शाळकरी मुलें कार्बन डायऑक्साइड म्हणतात, हा पृथ्वीची ऊब अडवून धरितो. कोळसा, पेट्रोल व गॅस जाळून आपण त्या गोधडीला रोज एक नवा थर शिवीत आहों.

ही गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानांत आली हें आमच्या भगिनी-वाचकांस ठाऊक असावें म्हणून थोडें विषयांतर करितों. अमेरिकेंत युनिस फूट नांवाच्या बाईंनीं कांचेच्या नळ्यांत थर्मामीटर ठेवून, एकींत साधी हवा व दुसरींत कर्बाम्ल वायु भरून त्या उन्हांत ठेविल्या. कर्बाम्लाची नळी अधिक तापली, आणि उन्हांतून काढल्यावर निवावयासही तिला पुष्कळच अधिक वेळ लागला. वातावरणांत हा वायु वाढला तर पृथ्वी अधिक तापेल, असें अनुमान बाईंनीं तेव्हांच काढिलें. १८५६ सालीं त्यांचा निबंध विद्वानांच्या सभेंत वाचला गेला, पण तो वाचला जोसेफ हेन्री या प्राध्यापकांनीं. पुढें तीन वर्षांनीं जॉन टिंडल यांनीं लंडन येथें अधिक सूक्ष्म प्रयोग केले, आणि शोधाचें श्रेय दीडशें वर्षें त्यांच्याच नांवावर राहिलें. बाईंचें नांव लोकांपुढें पुन्हा आलें तें अगदीं अलीकडे. असो.

कारखानदारीच्या पूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. १९५८ मध्यें चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हां ते ३१५ च्या आसपास भरले. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

आतां घरांत येऊं. या वायूची घरगुती मोजदाद करण्यास तीन आंकडे पाठ असले म्हणजे पुरे. विजेच्या एका युनिटामागें आपल्या देशांत सुमारें ७०० ग्रॅम कर्बाम्ल बाहेर पडतो. कारण आपली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज कोळशावर निघते. मुंबईस १९१५ मध्यें खोपोलीहून वीज येऊं लागली ती पाण्याच्या जोरावर निघालेली, बिनधुराची होती. आज पुण्यांत बटण दाबलें कीं चंद्रपुरास किंवा कोराडीस कोळसा जळतो. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला कीं सुमारें ४२ किलो कर्बाम्ल होतो. आणि पेट्रोलच्या एका लिटरामागें सुमारें २.३ किलो. जळणापेक्षां वायूचें वजन अधिक कसें, असें घरांतलें एखादें चौकस मूल विचारील. जळतांना हवेंतला प्राणवायु त्यास येऊन मिळतो, हें त्यास समजावून सांगावें.

हे तीन आंकडे घेऊन घरांत हिंडूं लागलें म्हणजे पहिली गोष्ट दिसते ती ही कीं, आपली काटकसर बहुधा भलत्याच जागीं चाललेली असते. आमच्या एका वाचक भगिनी लिहितात कीं, त्यांच्या घरीं वडील मंडळींनीं पृथ्वीरक्षणाचें व्रत घेतल्यापासून स्वयंपाकघरावर बारीक नजर बसली आहे. मिक्सर बंद, पाट्यावर वाटावें. धुण्याचें यंत्र आठवड्यांतून एकदांच, एरव्हीं हातानें धुवावें. मोबाईलचा चार्जर भिंतींत राहिला तर बोलणीं खावीं. आणि हे नियम करणारे स्वतः मात्र दुपारीं १८ अंशांवर ठेविलेल्या खोलींत शाल पांघरून वर्तमानपत्र वाचीत असतात. पत्र वाचून आम्हांस हंसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं, कारण हीच तऱ्हा थोड्याफार फरकानें पुष्कळ घरांत आहे. त्या वडील मंडळींच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. त्यांच्या त्रैराशिकाविषयीं मात्र आहे. एका मोबाईलला वर्षभर रोज चार्ज करण्यास जेमतेम आठ-नऊ युनिटें लागतात. दीड टनाचें वातानुकूल यंत्र, ज्यास घरोघर एसी म्हणतात, तितकीं युनिटें एका रात्रींत खातें. मिक्सर रोज दहा मिनिटें फिरला तरी महिन्याचीं अडीच युनिटें होतात. म्हणजे त्याच एसीचे दोन-अडीच तास. थंड पाण्यांत धुण्याची एक खेप अर्ध्या युनिटाच्या आंत होते. याचा अर्थ असा कीं, सुनेनें महिनाभर पाट्याशीं कंबर मोडून जें वांचविलें, तें सासऱ्यांनीं एका दुपारच्या वामकुक्षींत खर्च केलें.

आमचें म्हणणें एवढेंच आहे, आणि पुढलें सर्व विवेचन त्याच्याच अनुरोधानें आहे. काटकसर तोलून करावी. आणि जड खातीं कोणाच्या हातांत आहेत तें पाहून त्यांनीं ती आधीं करावी. घरांतला एसी, मोटार, प्रवास, गच्ची, यांविषयींचे निर्णय बहुतेक कुटुंबांत अजूनही पुरुषांच्या बैठकींत होतात, आणि उपदेश मात्र माजघरापलीकडे पाठविला जातो.

जड खात्यांपैकीं पहिलें न्हाणीघरांत आहे. पंधरा लिटरची एक बादली वीस अंशांवरून स्नानास योग्य अशा बेचाळीस अंशांवर आणण्यास सुमारें ०.४ युनिट वीज लागते. दहा माणसांच्या घरांत हीं रोजचीं चार युनिटें, म्हणजे महिन्याचा ८४ किलो कर्बाम्ल झाला. दोन सिलिंडर अधिक जाळल्यासारखेंच. आणि हें गणित शॉवरखालीं पंधरा मिनिटें गुणगुणत उभ्या न राहणाऱ्या माणसांचें आहे. तेंच पाणी गॅसवर तापविलें तर कर्बाम्ल निम्म्यावर येतो, कारण कोळसा जाळून वीज करावयाची आणि विजेनें पुन्हा पाणी तापवावयाचें या द्राविडी प्राणायामांत कोळशाची बरीचशी उष्णता वाटेंतच वायां जाते. मात्र गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आंत कधींही बसवूं नये; बंद जागेंत त्यापासून निघणाऱ्या विषारी वायूनें माणसें गेल्याच्या बातम्या दर हिंवाळ्यांत वाचावयास मिळतात. सर्वांत चांगला तो सौरबंब. गच्ची आपली असेल आणि तिच्यावर दुपारपर्यंत ऊन असेल, तर त्याविषयीं फार चर्चा करीत बसण्याचें कारण नाहीं. त्याच्या नळास गुंडाळी नसली तर पहिल्या दोन बादल्या थंड येतात व त्या मोरींत जातात. ती गुंडाळी बसवून घ्यावी, आणि घरांतल्या मंडळींनीं स्नानें एकापाठोपाठ उरकावीं. चैत्र-वैशाखांत तर गच्चीवरच्या टांकींतलें पाणी आपणच तापून येतें, आणि तरीही कित्येक घरांत गीझरचा तांबडा दिवा बाराही महिने पेटलेला असतो. तो संवयीचा दिवा आहे.

या संबंधांत जुन्या तांब्याच्या बंबाची आठवण काढणारे पुष्कळ भेटतात. बंब देखणा होता यांत शंका नाहीं. पण पहांटे उठून त्यांत ढलप्या घालून फुंकणी फुंकणाऱ्या बाईचे डोळे त्या आठवणींत नसतात. जुन्या रीतींतलें जें शहाणपणाचें होतें तें घ्यावें, धूर घेऊं नये.

तसलें शहाणपण चुलींत होतें. चुलीला वैल असे, आणि मुख्य तोंडावर भात शिजे तोंवर उरल्या जाळावर आमटी उकळे. एका जाळांत दोन कामें. कुकराचे तीन डबे हें त्याच युक्तीचें आजचें रूप आहे. डाळ व कडधान्यें आधीं भिजविणें, भांड्यावर झांकण ठेवणें, कुकराला दाब आला कीं ज्योत बारीक करणें, या गोष्टी आमच्या वाचक भगिनींस आम्हीं शिकवाव्या असें नाहीं. दहा माणसांच्या घरास वर्षाचे पंधरा सिलिंडर धरिले तर त्यांचा कर्बाम्ल ६३० किलो होतो. उत्तम दक्षतेनें त्यांतला पंचमांश वांचला तर १२६ किलो. हें लक्षांत ठेवावें, कारण पुढें एका मोठ्या आंकड्याशीं त्याची गांठ घालून द्यावयाची आहे.

स्वयंपाकघरांत गॅस खरोखर कोठें जातो तें आम्हीं पुष्कळ घरांत पाहिलें आहे. तो ज्याच्या त्याच्या वेळीं गरम लागणाऱ्या जेवणांत जातो. एकजण साडेसातला, दुसरा आठला, तिसरा कचेरीच्या कामांतून साडेनवाला, आणि कॉलेजांतला दिवटा दहा वाजतां. प्रत्येकाला पोळी तव्यावरची हवी. आमटी चारदां गरम होते, तवा तीन तास तापतो, आणि त्याच्यासमोर एक बाई तितकाच वेळ उभी असते. सर्वांनीं एका पंगतीस बसावें. उशिरा येणाऱ्यानें झांकून ठेविलेलें, निवालेलें अन्न आनंदानें खावें, किंवा स्वतः उठून गरम करून घ्यावें. यांत गॅस वांचतो हें खरें, पण त्याहून त्या बाईची संध्याकाळ वांचते. हा उपाय एकत्र कुटुंबासच साधण्यासारखा आहे, आणि आश्चर्य असें कीं, तेथेंच तो सर्वांत दुर्मिळ झाला आहे.

अन्नाचें दुसरें खातें पानांतलें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत आपल्या देशांत माणशीं वर्षाला सुमारें ५५ किलो अन्न घरांतून फुकट जातें असा अंदाज दिला आहे. तें पिकविण्यास लागलेलें पाणी, खत, डिझेल हें सर्व गेलेंच. शिवाय तें अन्न शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरांत दबून कुजलें म्हणजे त्यांतून मिथेन वायु निघतो. हा वायु हवेंत फार वर्षें टिकत नाहीं, पण आहे तोंवर मोठा दाहक आहे. वीस वर्षांच्या हिशेबानें तो वजनास वजन कर्बाम्लाच्या सुमारें ऐंशी पट ताप धरितो. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला आहे. जानेवारी २०१६ मध्यें तेथें आग लागली तेव्हां तिचा धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला. त्या आगीला असलेच वायु पोसतात. ओला कचरा घरच्या कुंडींत, वाळलेल्या पानांचे थर घालून जिरविला तर त्याला हवा मिळते व मिथेन जवळजवळ होत नाहीं. माशा होतात अशी तक्रार येते. पानें कमी पडलीं कीं त्या होतात.

पण कचरा जिरविण्यापूर्वीं तो होऊं न देणें बरें. येथें आम्हांस आग्रहाविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. आग्रह करून वाढण्याची आपली रीत प्रेमाची आहे. परंतु ज्या काळीं जिलबी वर्षांतून दोनदां दिसे त्या काळची ती आहे. आज मुंजींत आणि लग्नांत पाहुणा हातानें पान झांकतो आणि यजमान त्याच्या बोटांवर श्रीखंड वाढतो, आणि तें श्रीखंड देवनारास जातें. मंगल कार्यालयाशीं करार करितांना पानांची संख्या वधूवरांकडील मंडळींनीं थोडी खालींच धरावी; आलेला पाहुणा उपाशी गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

याच ओघांत एक गोष्ट सांगतों, वाचकांनीं राग मानूं नये. आपल्यापैकीं पुष्कळ घरें शाकाहारी आहेत आणि मांसाहारापेक्षां शाकाहारानें पृथ्वीवर भार कमी पडतो हेंही खरें आहे. पण त्यावरून आपण निर्दोष ठरतों असें नाहीं. गाईम्हशी रवंथ करितांना मिथेन सोडतात, आणि दूध, चक्का, खवा, तूप यांचा सढळ संसार त्यांच्याच जिवावर चालतो. वरणावरचें तूप आम्हीं काढून घेत नाहीं. फक्त दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवितांना आपल्या वाटीकडेही पाहावें.

आतां एसीकडे. तो घेऊंच नये असें म्हणण्याइतके आम्ही कठोर नाहीं. अकोल्या-नागपुरास मे महिन्याच्या रात्रीं म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें यांच्यासाठीं तो आतां चैनीची वस्तु राहिलेला नाहीं. पण त्यापूर्वीं गच्चीला पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावावा. विदर्भाच्या कोरड्या हवेंत वाळ्याचे पडदे व पाण्यावरचा कूलर उत्तम काम देतात. कोंकणांत व मुंबईंत ते निरुपयोगी, कारण तेथें हवाच ओली. पंखा साधा असला तर सुमारें ७५ वॅट घेतो. नव्या तऱ्हेचा तीसच्या आसपास घेतो आणि वारा तितकाच देतो. एसी लावावयाचाच तर पंखा चालूं ठेवून २६ अंशांवर ठेवावा. सरकारच्या ऊर्जा दक्षता विभागाच्या अंदाजाप्रमाणें एक अंश वर नेला कीं सुमारें सहा टक्के वीज वांचते, आणि १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रें मुळांतच २४ अंशांवर सुरू होतील अशीं करण्याचा नियम त्यानें केला आहे. १८ वरून २६ वर आलें तर खर्च सुमारें दोन-पंचमांशानें उतरतो. शालही कपाटांत परत जाते. आणि चार खोल्यांत चार यंत्रें लावण्यापेक्षां कडक उन्हाळ्याचे पंधरा दिवस आजी-आजोबा व मुलें एका खोलींत निजलीं तर काय बिघडतें? पूर्वीं गच्चीवर सर्वांचे बिछाने पडत व गोष्टी रंगत, ते याच पंधरवड्यांत.

एसीचें दुसरें पाप अदृश्य आहे व त्याविषयीं कोणी बोलत नाहीं, म्हणून तेथें थोडें थांबतों. या यंत्रांत थंडावा निर्माण करणारा एक वायु भरलेला असतो. आर-४१०ए या नांवाचा असा वायु एक किलो हवेंत सुटला तर तो सुमारें दोन हजार किलो कर्बाम्लाइतका ताप धरितो. घरगुती यंत्रांत साधारण किलोच्या आसपास तो असतो. नव्या यंत्रांतला आर-३२ त्या मानानें सौम्य, तरी पावणेसातशे पट. २०१६ मध्यें किगाली येथें राष्ट्रांनीं हे वायु हळूहळू कमी करण्याचा करार केला तो याचसाठीं. आतां आपल्याकडे दर वर्षीं फाल्गुनांत कारागीर बोलावून एसींत गॅस भरून घेण्याची जी रीत पडली आहे, ती वस्तुतः गळतीची कबुली आहे. यंत्र धड असेल तर तो वायु संपत नाहीं. कमी झाला म्हणजे गळला. गळती शोधून बुजविल्यावांचून भरूं देऊं नये. जागा बदलतांना किंवा यंत्र मोडींत काढतांना कारागीर नळी सोडून तो सर्व वायु फुस्सदिशीं हवेंत सोडतो. तसें न करितां तो यंत्रांतच परत ओढून घेण्यास सांगावें व तेथें उभें राहून पाहावें. या दहा मिनिटांच्या उभें राहण्यानें स्वयंपाकघराच्या कित्येक वर्षांच्या काटकसरीइतकें काम होतें, आणि तें करावयास घरांतल्या पुरुषमंडळींस कोणाची हरकत नसावी.

मोटारीविषयीं थोडक्यांत. एका माणसासाठीं एक मोटार बाहेर काढणें हा मुख्य खर्च. पुण्याहून मुंबईस जावयाचें तर आगगाडी आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजीं सुरू झाली ती विजेच्या एंजिनावरच, आणि आज देशांतले रुंद रुळांचे जवळजवळ सर्व मार्ग विजेवर आले आहेत. विजेची दुचाकी घेणाऱ्या तरुणांस वडिलांनीं नाउमेद करूं नये. भाजी आणण्यास पायीं जावें.

गच्ची मोकळी असेल तर सौरबंबाच्या शेजारीं सूर्याच्या उजेडावर वीज करणारीं तावदानेंही बसवितां येतात. एका किलोवॅटच्या संचांतून स्वच्छ उन्हाच्या दिवशीं सुमारें चार युनिटें मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सुरू केलेल्या सूर्यघर योजनेंत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलें गेलें. अडचण पैशाची कमी आणि संमतीची अधिक असते. सामाईक गच्चीवरून भाऊबंदांत आणि सोसायट्यांत जे वाद चालतात त्यांची पत्रेंही आमच्याकडे येतात, आणि त्यांवर आमच्याजवळ औषध नाहीं.

आतां प्रश्नाचा दुसरा भाग: केल्यानें होणार काय? एका घरानें एसी २६ वर नेला म्हणून चंद्रपूरच्या धुराड्यांतला धूर थांबणार नाहीं. वीज कशावर करावयाची, रेल्वे व बस किती वाढवावयाच्या, कचऱ्याचें काय करावयाचें, हे निर्णय सरकारें व नगरपालिका घेतात, आणि त्यांच्या मागें नागरिकांनीं लागावयास पाहिजे. घरचा पंखा बदलून ती जबाबदारी टळत नाहीं. पण याच्या उलट टोंकाची सबबही आम्ही वारंवार ऐकतों. भारतांत माणशीं वर्षाला सुमारें दोन टन कर्बाम्ल पडतो व अमेरिकेंत सुमारें चौदा टन, तेव्हां आधीं त्यांनीं सुधारावें, असें सांगितलें जातें. राष्ट्राराष्ट्रांच्या वाटाघाटींत हा मुद्दा रास्तच आहे. परंतु तो आपल्या दिवाणखान्यांत बसून करणाऱ्यानें हें विसरूं नये कीं, ही दोन टनांची सरासरी ज्यांच्या घरीं एक दिवा आणि एक पंखा आहे अशा कोट्यवधि लोकांनीं खालीं ओढलेली आहे. दोन एसी, एक मोटार आणि वर्षाकाठीं विमानप्रवास असलेलें घर त्या सरासरींत बसत नाहीं. तें गरिबांच्या आडोशाला उभें असतें. आणि दुपारच्या उन्हांत भाजीची गाडी ढकलणाऱ्यास, डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईस, हा ताप आधीं लागतो, ज्यांनीं तो आणण्यांत जवळजवळ कांहींच वांटा उचललेला नाहीं. घरानें करावयाचें तें या कारणासाठीं. हिशेब आपल्या बाजूनें चुकता नसतो, म्हणून.

राहतां राहिला तो मोठा आंकडा. आमच्या वाचकांपैकीं कितीतरी घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी आज अमेरिकेंत आहे. एकत्र कुटुंबाची एक फांदी पुण्यास व दुसरी न्यू जर्सीस, अशी स्थिति आहे, आणि त्या दोहोंमधला दुवा विमान हाच आहे. मुंबईहून तेथवर जाऊन परत येण्यांत साध्या वर्गाच्या एका प्रवाशामागें एक टनाहून अधिक कर्बाम्ल होतो. म्हणजे दहा माणसांच्या स्वयंपाकाचा सबंध वर्षाचा गॅस त्याच्या पुढें थिटा पडतो. दक्षतेनें वांचविलेले ते १२६ किलो कोठच्या कोठें. हें सांगून आजी-आजोबांनीं नातवंडांचें तोंड पाहूं नये असें सुचविण्याचा आमचा अधिकार नाहीं व इच्छाही नाहीं. सुनेचें बाळंतपण आहे, मुलाला परक्या देशांत आधार हवा आहे. तेथें त्रैराशिक मांडणारा माणूस आम्हांस आवडणार नाहीं.

पण कित्येक घरांत दिवाळीला तीन आठवडे मुलगा येतो, उन्हाळ्यांत महिनाभर आईवडील जातात, आणि मध्यें कोणाच्या तरी लग्नासाठीं चार दिवसांची धांवपळ होते. त्यापेक्षां एक वर्षाआड जावें आणि गेल्यावर चांगले पांच-सहा महिने राहावें. तेवढ्या मुदतींत नातवाला मराठी बोलतां येऊं लागतें, सुनेची आणि सासूची खरी ओळख होते, आणि आजोबांना तेथल्या ग्रंथालयाचा रस्ता सांपडतो. जेट विमानाचा शीण उतरण्यापूर्वींच परतीची बॅग भरण्याची वेळ येत नाहीं. मागें राहिलेल्या घराचा फ्रीज रिकामा करून, दार किंचित् उघडें ठेवून बंद करावा, गीझरचें मुख्य बटण पाडावें, आणि तुळशीला पाणी घालण्यास शेजारच्या मुलीला सांगून ठेवावें.